एक्स्टर्नल फ्लॅश घेतला, तरी फोटोत सगळे भुतासारखे का?

काजवा (धागाकर्ता)

भाचीच्या वाढदिवसाला नवा फ्लॅश मिरवत घेऊन गेलो. कॅमेऱ्याच्या डोक्यातून टुणकन वर येतो तो नव्हे. हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) बसणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, मान वर-खाली आणि डावी-उजवी फिरणारा चांगला दणकट फ्लॅश. घरी येऊन फोटो उघडले आणि तोंडचं पाणी पळालं. मेव्हण्यांच्या टकलावर पांढराफटक डाग. ताईचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. प्रत्येकाच्या पाठीमागे भिंतीला काळीकुट्ट सावली चिकटलेली आणि मागच्या रांगेतली मंडळी अंधारात बुडालेली. भाचीने स्क्रीनकडे बघून विचारलं, "मामा, सगळे घाबरलेत का?"

त्यानंतर महिना-दीड महिना मी तिच्याच एका जुन्या बाहुलीला छळलं. बाहुली टेबलावर, भिंतीपासून अर्धा मीटर पुढे. कॅमेरा तिपाईवर, दोन मीटर लांब. बाकी काही हलवायचं नाही, फक्त फ्लॅशचं तोंड फिरवायचं. जे हाती लागलं ते इथे मांडतोय, चुकलं असेल तर जाणकारांनी कान धरावा.

पहिला फोटो फ्लॅश सरळ समोर ठेवून. मेव्हण्यांचाच फोटो, फक्त बाहुलीचा. नाकाच्या सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी.

दुसरा फोटो फ्लॅशवर पांढरी प्लास्टिकची टोपी चढवून, तोंड समोरच. फार आशा होती. दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले तर सावली तिथेच, कड जवळपास तितकीच तीक्ष्ण, फक्त थोडी फिकट. फ्लॅशला मात्र दुप्पट-तिप्पट दम लावावा लागला.

तिसरा फोटो टोपी काढून, तोंड थेट छताकडे. इथे मी खुर्चीत सरळ बसलो. भिंतीवरची काळी सावली गायब! बाहुलीचे केस केसांसारखे दिसायला लागले, मागचं कपाट उजळलं. पण डोळ्यांच्या खोबणीत अंधार आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. रात्रभर जागलेली बाहुली.

चौथा फोटो तोंड डावीकडच्या पांढऱ्या भिंतीकडे, थोडं वर. हा फोटो बायकोला दाखवला तर तिला वाटलं खिडकीत बसवून काढलाय. एका गालावर उजेड, दुसरा गाल हळूहळू काळोखात उतरत गेलेला, नाकाला नाकाचा आकार आलेला.

मग कारण शोधलं. मऊ उजेड म्हणजे सावलीची कड विरघळत जाणारा उजेड. ती विरघळते कधी, तर वस्तूच्या जागेवरून बघितलं असता दिवा मोठा दिसत असेल तेव्हा. फ्लॅशची काच जेमतेम ७ सेंटीमीटर रुंद. पण त्याच फ्लॅशचं तोंड सव्वा मीटरवरच्या छताकडे वळवलं, फ्लॅशचं झूम २४ मिमीवर (उजेड रुंद पसरेल असं) ठेवलं, की छतावर साधारण दोन मीटर रुंदीचा पांढरा डाग पडतो. आता बाहुलीच्या दृष्टीने दिवा म्हणजे तो डाग, फ्लॅश नव्हे. टोपीने यातलं काहीच होत नाही, कारण टोपी घालूनही दिवा टोपीएवढाच राहतो.

प्रश्न दोन: (१) छतावरून बाऊन्स करताना, म्हणजे उजेड छतावर आपटून परत घेताना, डोळ्यांतला अंधार कसा घालवायचा? (२) घराबाहेर, जिथे भिंत नाही आणि छतही नाही, तिथे काय करायचं?

निवांत_बसलोय

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाहुलीचे फोटो टाका की राव, नुसत्या वर्णनावर किती दिवस भागवायचं?

खिडकीवाला

लेख छान, पण मला एक कळत नाही. शेवटी तुम्ही फ्लॅश वापरून खिडकीचाच उजेड तयार केलात. मग माणसाला खिडकीजवळ का बसवत नाही? मी गेली बारा वर्षं एकही फ्लॅश न घेता फोटो काढतोय. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ला आजकालचे कॅमेरे हूं की चूं करत नाहीत.

काजवा

@खिडकीवाला, रात्री साडेआठला खिडकीतून फार तर समोरच्यांचा टीव्ही दिसतो :)

त्रैराशिक

काजवा, धागा आवडला. पण एका ठिकाणी कान धरतो, परवानगी दिलीच आहे.

तुम्ही सगळा दोष 'लहान दिवा' या एका गोष्टीवर ढकललाय. जरा कोन मोजू. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किमी, अंतर सुमारे १५ कोटी किमी. आपल्याला तो आकाशात अर्धा अंश एवढाच दिसतो. तुमचा ७ सेमीचा फ्लॅश दोन मीटरवरून दिसतो साधारण दोन अंश. म्हणजे हिशेबाने उघडा फ्लॅश हा सूर्यापेक्षा *मऊ* आहे! तरीही संध्याकाळच्या तिरप्या उन्हातले चेहरे आपल्याला देखणे वाटतात आणि फ्लॅशचे भुतासारखे. का?

कारण गुन्हेगार दोन आहेत, आणि मोठा गुन्हेगार दिशा हा आहे. कॅमेऱ्यावर बसलेला फ्लॅश भिंगाच्या जवळपास त्याच रेषेतून बघतो. त्याला जे दिसतं तेच भिंगाला दिसतं, त्यामुळे चेहऱ्यावरच्या सावल्या भिंगाच्या नजरेआड पडतात. सावली नाही म्हणजे उंचवटा नाही, उंचवटा नाही म्हणजे नाक नाही. चौथ्या फोटोत उजेड नुसता मोठा झाला नाही, तो *बाजूने आला*. छताचा डाग भिंतीच्या डागाएवढाच मोठा होता की, मग तिसरा फोटो रात्रभर जागलेला का दिसला?

तिसरी गोष्ट अंतराची. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). फ्लॅशपासून एक मीटरवर ताई आणि दोन मीटरवर मागची रांग असेल, तर रांगेला चौथाईच उजेड मिळणार. तेच छतावरून बाऊन्स केलं तर ताईपर्यंतचा एकूण रस्ता समजा तीन मीटर आणि रांगेपर्यंतचा चार. तीन-चतुर्थांशचा वर्ग केला तर रांगेला निम्म्याहून थोडा जास्त उजेड पोचतो. एक स्टॉपसुद्धा फरक नाही. कपाट उजळलं ते यामुळे.

काजवा

कान धरून घेतला. सूर्याचा हिशेब डोक्यात कधी आलाच नव्हता. म्हणजे मी महिनाभर दिवा मोठा करण्याच्या मागे होतो आणि फायदा झाला तो तोंड भिंतीकडे वळल्यामुळे.

त्रैराशिक

दोन्हींमुळे. फक्त मोठा केलात आणि समोरूनच मारलात तर सावल्या मऊ होतील, पण चेहरा सपाटच राहील. फक्त बाजूने मारलात आणि लहान ठेवलात तर नाटकातल्या खलनायकासारखा दिसेल, तोही कधीकधी हवा असतो.

भिंगरी

मी या विषयात अगदी नवखी आहे, तेव्हा बाळबोध प्रश्न चालवून घ्या. माझे बाबा सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसतात. तो एक फोटो मला हवाय, त्यांना न हलवता. त्यांच्या डावीकडे पिवळी भिंत आहे, उजवीकडे मोकळी खोली, छत पांढरं. मागे एक पिवळट बल्ब कायम चालू. मोबाइलने काढला की बाबा काळे आणि बल्ब पांढरा येतो. मावसभावाचा कॅमेरा आणि फ्लॅश महिनाभर माझ्याकडे आहे. तोंड कुठे करू?

काजवा

पिवळ्या भिंतीकडे नक्की नको. बाऊन्स होऊन येणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो, बाबांचा एक गाल कावीळ झाल्यासारखा दिसेल. व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातली उजेडाचा रंग दुरुस्त करायची सोय) तो काढायला जाल तर दुसरा गाल निळा पडेल.

उजवीकडे खोली मोकळी आहे म्हणताय. लांब पांढरी भिंत किंवा दार आहे का तिकडे?

भिंगरी

पांढरं दार आहे. बाबांपासून अडीच-तीन मीटरवर असेल.

जुनाजाणता

मग प्रश्न मिटला. फ्लॅशचं तोंड त्या दाराच्या वरच्या भागाकडे करा. दार आणि छत जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात उत्तम. उजेड थोडा वरून आणि थोडा बाजूने येतो.

काजवांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. नवशिके फ्लॅशचं तोंड छताकडे करतात तेव्हा नेमकं माणसाच्या डोक्यावरच्या छताकडे करतात. तिथून उजेड सरळ खाली पडतो आणि भुवया डोळ्यांवर पागोळीसारखी सावली धरतात. डाग माणसाच्या *समोरच्या* वरच्या बाजूला पडायला हवा. म्हणजे बहुतेक वेळा फ्लॅश पुढे नाही, मागे झुकवायचा, आपल्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे. पहिल्यांदा करताना वेड्यासारखं वाटतं, पाठीमागे उभे असलेले लोक डोळे चोळतात. पण फोटो बघा.

त्या लोकांच्या डोळ्यांसाठी आणि आपल्या फोटोसाठीही एक उपाय: हातभर लांब, वीतभर रुंद पातळ काळा फोम घ्या, केसांच्या रबराने फ्लॅशच्या डोक्याला अर्धवट गुंडाळा. ज्या बाजूला माणसं आहेत त्या बाजूचा थेट उजेड फोमने अडतो, भिंतीकडचा सुटतो. फोटोत जे काही थेट उजेडाचं कडक शिंपण राहिलेलं असतं, ते जातं.

आणि डोळ्यांत चमक हवी असेल तर उलट. बहुतेक फ्लॅशच्या डोक्यात एक छोटं पांढरं कार्ड लपलेलं असतं, ते ओढून बाहेर काढा. नसेल तर पोस्टकार्ड रबरबँडने लावा. तोंड वर असताना थोडासा उजेड त्या कार्डावरून पुढे जातो, बुबुळात बारीक ठिपका उमटतो. मेलेले डोळे जिवंत होतात.

खिडकीवाला

पोस्टकार्ड, केसांचं रबर, काळा फोम. म्हणजे फ्लॅश विकत घ्यायचा आणि वर शाळेतल्या हस्तकलेचा तासही करायचा.

मनीमाऊ

माझी काळी मांजर. फ्लॅश मारला की दोन हिरवे कंदील आणि भोवती अंधार. बाऊन्सने जाईल का हे?

त्रैराशिक

जाईल. मांजरीच्या डोळ्यात पडद्यामागे (रेटिनामागे) आरशासारखा थर असतो, तो आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. फ्लॅश भिंगाशेजारी असेल तर 'आली वाट' म्हणजे भिंगच. माणसात तो थर नाही, तिथे रेटिनामागचं रक्त लाल दिसतं, एवढाच फरक. उजेड भिंतीवरून आला की परत भिंतीकडे जाईल, भिंगात येणार नाही. काळ्या केसांसाठी बाजूचाच उजेड घ्या, समोरून सगळं डांबर दिसेल.

भिंगरी

काल प्रयत्न केला. फ्लॅश पेटलाच नाही! सेल नवे, टेस्टचं बटण दाबलं की लख्ख पेटतो, कॅमेऱ्यावरून मात्र ढिम्म. तासभर खटपट करून ठेवून दिला. मावसभाऊ फोन उचलत नाही.

काजवा

कॅमेरा आवाज न करता फोटो काढतोय का? सायलेंट मोड / इलेक्ट्रॉनिक शटर?

विचारायचं कारण, माझी एक अख्खी संध्याकाळ याच पायी गेलीय. बाहुली बसवली, छत-भिंत सगळं आखलं, आणि फ्लॅश ढिम्म. हॉट शूचे टोक खोडरबराने घासले, सेल बदलले, फ्लॅशला आणि तो विकणाऱ्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. शेवटी लक्षात आलं की त्या सकाळी पक्ष्यांचे फोटो काढताना शटरचा आवाज मीच बंद केला होता. बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चालू असताना फ्लॅश पेटतच नाही, कारण सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो आणि क्षणभराचा उजेड सगळ्या ओळींना मिळणं शक्य नसतं. मेकॅनिकल शटरवर या.

भिंगरी

तेच होतं!!! पेटला. आता दुसरी गंमत. फोटोचा खालचा भाग काळा. कोणीतरी पट्टी धरल्यासारखा.

निवांत_बसलोय

शटर स्पीड किती?

भिंगरी

१/५००. बाबा पान उलटताना हलतात म्हणून.

जुनाजाणता

१/२०० वर आणा, पट्टी जाईल. शटरला दोन पडदे असतात: पहिला उघडतो, दुसरा झाकतो. साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत असा एक क्षण येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो, फ्लॅश त्या क्षणी पेटतो. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघतो, सेन्सरसमोरून नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅश पेटला तेव्हा जेवढा भाग दुसऱ्या पडद्याने झाकला होता तेवढा काळा. प्रत्येक कॅमेऱ्याचा हा आकडा ठरलेला असतो, पुस्तिकेत 'सिंक स्पीड' म्हणून सापडेल.

पान हलण्याची काळजी करू नका. फ्लॅशचा लखलखाट पूर्ण ताकदीतही साधारण १/१००० सेकंदाच्या आसपास टिकतो, ताकद कमी केली की त्याहून कितीतरी आखूड होतो. हालचाल शटर नव्हे, तो लखलखाट गोठवतो. एमआयटीतल्या हॅरल्ड एजर्टन यांनी याच जोरावर १९३०च्या दशकापासून थेंब फुटताना आणि गोळी उडताना टिपली. तुमच्या बाबांच्या हातातलं पान त्यामानाने फारच सावकाश उलटतं.

(अवांतर: ज्यांना फ्लॅशची कटकट वाटते त्यांच्यासाठी. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पोटॅशियम क्लोरेटमध्ये कालवून 'ब्लिट्झलिश्ट' बनवलं. ती भुकटी पेटवायची, भडका उडायचा, खोलीभर पांढरा धूर. पत्रकार जेकब रीस यांनी न्यूयॉर्कमधल्या गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या तिनेच उजळवल्या आणि त्या खटाटोपात आगही लागली. आपल्याला फक्त सेल बदलावे लागतात. मीटरने भिंगातूनच फ्लॅशचा उजेड मोजून योग्य क्षणी तो तोडायची सोय १९७५च्या ऑलिंपस ओएम-२ पासून आली. तोवर अंतर डोळ्यांनी मोजा आणि भागाकार करा.)

त्रैराशिक

भागाकाराचं नाव काढलंत म्हणून. तो अजून उपयोगी आहे.

फ्लॅशवर गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, लिहिलेला असतो. समजा तुमच्या झूमवर तो आयएसओ १०० ला ४० आहे. ४० ला अंतराने भागा, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र; एफ/चा आकडा लहान तर छिद्र मोठं) मिळतं. सरळ मारला तर १० मीटरवर एफ/४. आता बाऊन्समध्ये अंतर मोजायचं ते फ्लॅश-छत-माणूस असं पूर्ण, समजा ४ मीटर. शिवाय छत उजेड चहूकडे उधळतं, म्हणून ढोबळमानाने दोन स्टॉप सोडून द्या. दोन स्टॉप म्हणजे गाइड नंबर निम्मा: २०. भागिले ४, आला एफ/५. म्हणजे आयएसओ १०० वर ठेवून बाऊन्स कराल तर प्रत्येक फोटोला फ्लॅश पूर्ण ताकदीने ओरडणार, मग चार-पाच सेकंद धापा टाकणार. आयएसओ ४०० करा, त्याच एफ/५ ला चौथाई ताकद पुरते. ८०० करा, एक-अष्टमांश. फ्लॅश लगेच तयार होतो, तापत नाही, सेल टिकतात.

"फ्लॅश आहे म्हणजे आयएसओ १०० च" या हट्टापायी अर्धे लोक बाऊन्सला नावं ठेवतात.

खिडकीवाला

आयएसओ वाढवा म्हणताय? मग मी सुरुवातीला वेगळं काय म्हणत होतो?

त्रैराशिक

आयएसओ वाढवून फोटोत खोलीतला उजेड *वाढतो*, त्याची दिशा बदलत नाही. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांत पाडलेला अंधार आयएसओ ३२०० ला नीट, स्वच्छ दिसतो, एवढंच.

खिडकीवाला

हा मुद्दा मान्य. मुकाट बसून वाचतोय.

भिंगरी

पट्टी गेली. दारावरून बाऊन्स करून बाबा छान उजळले, पण मागचा बल्ब आणि त्याच्याभोवतीची भिंत भगवी, आणि बाबा जरा निळसर. खोलीचा नेहमीचा उबदारपणा गेला. दवाखान्यात बसल्यासारखे वाटतात.

काजवा

हे मला हवंच होतं विचारायला कोणीतरी, कारण यावर माझे पाच-सहा दिवस गेलेत.

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). पिवळट बल्ब ३००० च्या आसपास. एका फोटोत दोन ऋतू. व्हाइट बॅलन्स एकाच ऋतूचा ठेवता येतो.

तर फ्लॅशलाच बल्बच्या रंगाचं करायचं. नारिंगी रंगाची पारदर्शक पट्टी मिळते, जेल म्हणतात, नाव सीटीओ. पूर्ण सीटीओ लावली की ५५०० चे साधारण ३२०० होतात. मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर ठेवा, किंवा आकड्यात ३२००. आता फ्लॅश आणि बल्ब एकाच बोलीत बोलतात. मला स्वतःला अर्धी सीटीओ जास्त आवडते, मागचा बल्ब किंचित उबदारच राहतो. सगळं पांढरंशुभ्र केलं की घर कचेरीसारखं दिसतं. पट्टी थेट काचेला चिकटवून पूर्ण ताकदीने सटासट फोटो काढू नका, वितळते. कसं कळलं विचारू नका.

दुसरं म्हणजे बल्ब किती दिसावा हे तुमच्या हातात आहे. बाऊन्सचा फ्लॅश आणि खोलीचा उजेड हे दोन वेगळे नळ समजा. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही नळ एकदम कमी-जास्त करतात. शटर फक्त खोलीचा नळ फिरवतो, फ्लॅशला त्याचा पत्ताही लागत नाही (सिंक स्पीडच्या खाली असाल तोवर). म्हणून आधी फ्लॅश *बंद* करून एक फोटो काढा. खोली जरा अंधुक पण ओळखीची दिसेल असं शटर निवडा, १/६० वगैरे. मग फ्लॅश चालू करा. १/२०० ला बल्बची ऊब पार मरते.

निवांत_बसलोय

दोन नळ. हे आवडलं. मी आजवर सगळं 'पी' मोडवर टाकून देवावर सोडत होतो.

टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेरा भिंगातून मोजून ठरवतो) की मॅन्युअल (आपण ठरवायची), हा पण सोक्षमोक्ष लावा.

जुनाजाणता

माणसं हलत असतील, अंतर बदलत असेल तर टीटीएल. माणूस खुर्चीत बसलाय, तुम्ही तिपाईवर आहात, तर मॅन्युअल. एकदा १/८ ताकद बसली की शंभर फोटो सारखे.

टीटीएलची एक खोड लक्षात ठेवा. तो आधी बारीकसा लखलखाट करून परत येणारा उजेड मोजतो आणि समोरचं सगळं करडं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला बघून त्याला वाटतं उजेड फार झाला, फोटो काळवंडतो. काळ्या सुटाला बघून उलट. फ्लॅश कॉम्पेन्सेशन एखादा स्टॉप वर-खाली करा, त्याला शिव्या देऊ नका. त्या आधीच्या लखलखाटाने काही लोकांचे डोळे मिटतात, सगळ्या फोटोंत झोपलेला एक काका असतो तो त्यामुळे. मॅन्युअलमध्ये तो जागा राहतो.

आणि कोणाच्या माळ्यावर जुना, फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश सापडला तर तो सरळ डिजिटल कॅमेऱ्यावर बसवू नका. त्यातल्या काहींच्या पायाशी २०० व्होल्टच्या वर दाब असतो. कॅमेरा गतप्राण होऊ शकतो. रेडिओ ट्रिगर लावून लांबून पेटवायचा म्हटलं तरी तो ट्रिगर किती व्होल्ट सोसतो ते आधी बघा. फ्लॅश उघडून दुरुस्त करायच्या फंदात तर अजिबात पडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

काजवा

दुसरा प्रश्न राहिलाच की. घराबाहेर?

त्रैराशिक

बाहेर भिंत नसते, म्हणून भिंत सोबत न्यायची. छत्री, सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेली पेटी), मित्राने धरलेली पांढरी चादर, सगळ्या घडी होणाऱ्या भिंतीच. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून रेडिओ ट्रिगरने पेटवायचा.

फक्त जवळ आणा. ६० सेमीची सॉफ्टबॉक्स ६० सेमीवर असेल तर माणसाला ती ५३ अंशांची दिसते, अख्खी खिडकी. तीच ३ मीटरवर नेली की ११ अंश. लोक महागडी सॉफ्टबॉक्स आणतात आणि फ्रेममध्ये दिसू नये म्हणून पार तिकडे कुंपणाला टेकवून उभी करतात. फोटोच्या कडेला तिचं टोक डोकावेल इतकी जवळ हवी, मग एक वीत मागे.

भर उन्हात हिशेब अवघड होतो. ऊन म्हणजे आयएसओ १०० ला एफ/१६ आणि साधारण १/१००. सिंक स्पीडला, १/२०० ला, एफ/११. सॉफ्टबॉक्सने दोन स्टॉप खाल्ले की तुमचा ४० चा फ्लॅश २० चा. एफ/११ ला तो पूर्ण ताकदीने पोचतो कुठवर, तर पावणेदोन-दोन मीटर. म्हणजे एक माणूस, तोही जवळ. हाय स्पीड सिंक लावून एफ/२.८ ला जाता येतं, पण त्यात फ्लॅश एका दणक्याऐवजी बारीक बारीक ठिणग्यांची माळ पेटवतो आणि ताकद आणखी घटते. त्यापेक्षा माणसाला झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत आणा. सावलीत हाच फ्लॅश वाघ.

आणि टोपी बाहेर तर बिलकूल नको. घरात निदान तिने चहूकडे उधळलेला उजेड भिंतींवरून परत येतो. मैदानात तो गेला तो गेलाच.

मनीमाऊ

कंदील विझले! मांजर सोफ्यावर, फ्लॅश मागच्या भिंतीकडे. पहिल्यांदा तिच्या केसांत तपकिरी झाक आहे हे मला कळलं. सहा वर्षं सोबत राहतेय.

खिडकीवाला

फ्लॅशच्या वेगवेगळ्या कंपन्यांचे धागे चाळतोय. का ते विचारू नये.

निवांत_बसलोय

_/\_

भिंगरी

झाला एकदाचा. अर्धी सीटीओ, १/६०, एफ/४, आयएसओ ८००, फ्लॅश १/१६ मॅन्युअल, तोंड दार-छताच्या कोपऱ्याकडे, एका बाजूला काळा फोम (जुन्या योगा मॅटचा तुकडा, वर माझंच केसांचं रबर). बल्ब बल्बसारखा पिवळा, पेपरावरची अक्षरं दिसतायत, बाबांच्या हातावरच्या शिरासुद्धा.

एकच अडचण: चष्म्याच्या उजव्या काचेत पांढऱ्या दाराचा चौकोन दिसतोय. डोळा झाकला गेलाय.

काजवा

दार काचेत दिसतंय म्हणजे दार, काच आणि भिंग यांचे कोन जुळलेत. तिघांपैकी कोणीही एक हललं की झालं. दार तर हलणार नाही. बाबांना सांगा, हनुवटी दोन बोटं खाली.

भिंगरी

सांगितलं. म्हणाले, "मी वाचतोय, तू सरक."

मीच सरकले डावीकडे पाऊलभर. गेला चौकोन.